खालचा हंडा

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे असतील तर माझ्या आत्याचे. आईवडिलांना मी कमी लेखत नाही. दसरा झाला की ते ऊसतोडीला जायचे आणि ऊन तापायला लागल्यावर परत यायचे. त्यांनी कष्ट केले म्हणून आमच्या घरात चूल पेटली. पण मला शाळेत बसवलं, शाळेतून पळू दिलं नाही आणि आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर केलं ते आत्याने. आज मी स्टेनलेस स्टील आणि काच यांची शिल्पं करतो, त्यावर माझं घर चालतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून कोणाला वाटायला नको की मी तिची गाऱ्हाणी गातोय.

ती मायाळू नव्हती. सहावीत असताना मी एकदा शाळा बुडवून कनेरगाव नाक्यावर धाब्यापुढे उभे राहणारे ट्रक बघत बसलो होतो. तिला कोणीतरी सांगितलं. ती चालत आली, कान धरून मला घरी आणलं, गोठ्यात बैलाशेजारी दाव्याने बांधलं आणि पुढ्यात कडबा टाकला.

"बैलच व्हायचं हाय ना तुला? मंग खाय."

शेजारच्या बाया बघायला आल्या. आत्या त्यांना म्हणाली, "या, बघा. आमच्याकडं नवा गोऱ्हा आलाय. दात बघून घ्या." बाया हसल्या. मी रागाने कडब्याचं एक धाट चावलं. तिने ते पाहिलं.

"चावता आलं का? मंग गिळ बी."

दिवस मावळल्यावर तिने मला सोडलं. हात-पाय धुतले, भाकरी दिली. माफी मागितली नाही आणि जवळही घेतलं नाही. त्यानंतर मी शाळा बुडवली नाही.

आत्या आमच्याकडेच राहायची, कारण तिला नवऱ्याने टाकलं होतं. तिचं सासर नाक्याच्या पलीकडचं एक गाव. लग्नाला काही वर्षं झाली, लेकरू झालं नाही, तेव्हा त्याने तिला आमच्या दारात आणून सोडलं आणि दुसरं लग्न केलं. त्या बाईला लेकरं झाली. मग तर आत्याच्या बाजूने बोलायला कोणी उरलंच नाही.

आता भांड्यांचं सांगतो, कारण सगळं त्यावरच आहे.

आमच्याकडे लेकीच्या लग्नात दिलेल्या भांड्यांवर नाव टाकतात. भांड्यांच्या दुकानात एक छोटं यंत्र असतं. भुंग्यासारखं गुणगुणत ते स्टीलवर टिंबाटिंबांनी अक्षरं काढतं. मुलीचं नाव, आणि खाली 'हिस वडिलांकडून' असं लिहून वडिलांचं नाव. नाव हौसेसाठी नसतं. गावात कार्य निघालं की घरोघरची भांडी पंगतीला जातात, एकमेकांत मिसळतात. पंगत उठली की बाया भांडी उलटीपालटी करून नावं बघतात आणि आपापली उचलतात. ज्यावर नाव नाही ते जो उचलेल त्याचं. यावरून भांडण झालं तर नाव दाखवायचं. पुढे बोलायचं काम नसतं.

माझ्या आजोबांनी लेकीला सगळी भांडी स्टीलची दिली होती. परात, डबे, ताटं, कळशी आणि एक मोठा हंडा. आत्याला त्या वेळी लिहिता-वाचता येत नव्हतं. पण भांड्यांवरचं आपलं नाव तिला ओळखू यायचं, रांगोळीतली गोपद्मं ओळखावीत तसं. तीन अक्षरं होती. जगात तिच्या नावाने लिहिलेलं तेवढंच.

तिला टाकल्यावर आजोबांनी भांडी परत मागितली. तशी रीतच आहे. त्यासाठी तिच्या सासरच्या गावात बैठक बसली. नवऱ्याने पोतं आणलं आणि सगळ्यांसमोर ओतलं.

"ज्याच्यावर हिचं नाव असंल ते हिनं उचलावं," तो म्हणाला. "माझी काय तकलीफ न्हाई."

आत्या पुढे झाली. भांडी तिचीच होती. तिने ती रोज घासलेली होती. पण प्रत्येक भांड्यावर, जिथे नाव होतं तिथे, तळहाताएवढा धुरकट डाग होता. त्याने बैठकीच्या आधी यंत्राने नावं घासून टाकली होती. सगळ्यांना दिसत होतं. तिने मोठा हंडा उचलला आणि तो डाग पंचांना दाखवला. पंचांमध्ये जे प्रमुख होते ते म्हणाले, "बाई, नाव दिसत न्हाई. नाव न्हाई तर भांडं तुझं कसं?"

मागून कोणीतरी म्हणालं, "उतरंडीला नसेना दाणा, पण दादला असावा पाटील राणा. हिला तर दादला बी न्हाई आन् उतरंड बी न्हाई!"

लोक हसले. आजोबांनी हात जोडले आणि लेकीला घेऊन परत आले.

हे मी तिच्याकडून किती वेळा ऐकलं याला मोजमाप नाही. ती हे भांडी घासतानाच सांगायची, पाढा म्हणावा तशी. रडायची नाही. "कोण कोण हसलं ते मला ध्यानात हाय," एवढंच शेवटी म्हणायची आणि परात पालथी घालायची.

मी पहिलीत गेलो तेव्हा माझ्या पुस्तकावर तीही अक्षरं शिकली. मला मारून-मुटकून गिरवायला लावायची आणि स्वतः चुलीपुढच्या राखेत काडीने गिरवायची. पहिला शब्द तिने स्वतःचं नाव लिहिलं. मग घरातलं एकेक भांडं उचलून नावं वाचत बसली. सगळ्यांवर माझ्या आईचं नाव. आईला ते आवडलं नाही. "वन्सं, माझ्या भांड्यांची मोजदाद काहून करून राहिल्या?" असं ती म्हणाली. दोघींचं त्यावरून जुंपलं. दोघीही ते विसरल्या नाहीत.

पुढे मी हिंगोलीला शिकलो, तिथून संभाजीनगरच्या कला महाविद्यालयात गेलो. कापूस वेचायला जाऊन आत्याने मला तिथे ठेवलं. वर्गातली मुलं शाडू आणि प्लास्टरमध्ये काम करायची. मी भंगारातून स्टीलची भांडी आणायचो, कापायचो, जोडायचो. माझं पहिलं काम बघून आमचे एक शिक्षक म्हणाले, "हे शिल्प आहे की रुखवत मांडलंय?" तेव्हापासून माझं नाव 'भांडेवाला' पडलं. मला वाईट वाटलं, पण खोटं वाटलं नाही. लहानपणापासून मी दुसरं पाहिलं काय होतं? काच नंतर आली. नुसतं स्टील डोळ्यावर येतं. त्याला थोडी काच दिली की नजर तिथे टेकते.

एका दिवाळीला घरी आलो असताना मी आत्याला माझं काम समजावून सांगत होतो. स्टील जोडलं की सांध्याजवळ ते काळं पडतं. मग त्यावर आम्लाचा लेप लावतात. काळपट निघून जातो. पण कधीकधी आणखी एक गोष्ट होते. यंत्राची सुई स्टीलवर आपटलेली असेल, तर तो मार वरवर दिसतो त्यापेक्षा खोल गेलेला असतो. वरून घासून गुळगुळीत केलं तरी आम्ल त्या जागी वेगळं खातं, आणि पुसलेली नक्षी परत दिसायला लागते. मी स्वतः पाहिलं होतं.

आत्या पीठ मळत होती. तिचा हात थांबला.

"नाव बी येतं?"

"येऊ शकतं. खात्री नाही."

ती परत मळायला लागली. त्यावर ती काही वर्षं एक शब्द बोलली नाही.

मग आत्याला टाकणाऱ्या त्या माणसाचा फोन आला. मधल्या काळात तो मोठा झाला होता. डाळमिल, मग शिक्षण संस्था, आणि त्याच्या गावातल्या शाळेचा अध्यक्ष. सगळे त्याला अध्यक्षच म्हणत, मीही तेच म्हणतो.

"वळखलं का? तुमचा मामा बोलून राहिलो."

"कोणते मामा?"

"असं काहून करता पाव्हणं? आत्याचा नवरा म्हंजी मामाच की. होतो ना एके काळी!" आणि तो मोकळा हसला.

शाळेच्या दारात त्याला एक शिल्प हवं होतं. जिल्ह्यातलाच शिल्पकार पाहिजे, बाहेरचा नको, असं म्हणाला. मला नाहीच म्हणायचं होतं. आत्या नको म्हणेल, मग बरंच झालं, अशा भरवशावर मी तिला सांगितलं.

"कर," ती म्हणाली.

"त्याच्यासाठी?"

"त्याच्यासाठी काहून? कर म्हणते ना. आन् गावातल्या घराघरातून जुनी भांडी मागून घे. त्याच्या बी घरची."

"आत्या, इतक्या वर्षांनी ती राहिली असतील का?"

"मानूस मरतं. स्टीलला मरण न्हाई."

मला तिच्या मनातलं कळलं, आणि खरं सांगायचं तर मलाही तेच हवं झालं. तिचं नाव परत यावं, आणि जे हसले होते त्यांच्यासमोर यावं.

शिल्प म्हणून मी उतरंडी करायचं ठरवलं. जुन्या घरांत भिंतीशी एकावर एक रचलेली मडकी असायची, तशी. शेजारी शेजारी काही उतरंडी, मधली सगळ्यांत उंच. एक स्टीलचं भांडं, त्यावर एक काचेचा घडा, परत स्टील, परत काच, टोकाला तांब्या. काच शाळेच्याच जुन्या खिडक्यांची घेतली. ती भट्टीत साच्यावर वाकवून दोन दोन अर्धे जोडले. खिडकीची काच जाड झाली की हिरवी दिसते. मागे आधाराला नळीचा सांगाडा, पण वजन सगळं तळाच्या भांड्यांवर. भांड्यांना भोकं पाडायची नाहीत हे मी गावाला कबूल केलं होतं. भोक पाडलेलं भांडं लोकांना बघवत नाही.

हिंगोलीच्या बाहेर एक शेड भाड्याने घेतली. गावातून भांडी आली. अध्यक्षांकडचं पोतं शाळेच्या शिपायाने आणलं आणि निरोप सांगितला, "पाव्हण्याला म्हणावं, आमच्या माळ्यावरचं बी लागू द्या कामाला." त्याला आठवतच नव्हतं. मला वाटतं यासारखी दुसरी क्रूर गोष्ट नाही. तिने आयुष्यभर जे मोजलं, ते त्याला अडगळ म्हणून माळ्यावरून काढून देता आलं.

आत्या दुसऱ्या दिवशी शेडवर आली. जमिनीवर बसून तिने पोतं स्वतः उपसलं. बरीच भांडी नवी होती. तळाशी एक मोठा हंडा होता, बुडाला पोचा आलेला. तिने त्यावरून अंगठा फिरवला. धुरकट डागावर अंगठा थांबला.

"हा," ती म्हणाली.

मी हातमोजे घातले, तिला दाराजवळ वाऱ्याला बसवलं आणि डागावर लेप लावला. थोड्या वेळाने धुतला, परत लावला. आधी काही नाही. मग उजेडात तिरकं धरल्यावर एक काना दिसला. मग पहिलं अक्षर. टिंबं राखाडी दिसत होती, जवळून बघितलं तरच कळत होती. दुसरं अक्षर, तिसरं. मी हंडा तिच्यापुढे धरला. तिने बोट न लावता वाचलं, पहिलीतलं पोरगं वाचतं तसं, एकेक अक्षर सोडवत.

"खालचं?" तिने विचारलं. "माझ्या बापाचं?"

"ते येत नाही. पत्रा पातळ झालाय, आता जास्त ठेवायला नको."

"अजून थांब. त्यानं हात जोडले व्हते तिथं. त्याचं आल्याबिगर उठणार न्हाई मी."

मी लेप ठेवला. जितका ठेवायचा असतो त्याहून जास्त ठेवला. 'हिस वडिलांकडून' आलं, आणि आजोबांचं नाव आलं. आत्या उठली, लुगडं झटकलं.

"आता हे मधी लाव. खाली. वाचायला वाकावं लागंल असं."

अनावरणाच्या दिवशी सकाळी शाळेपुढे मांडव होता. गाव जमलं होतं. पुढच्या खुर्च्यांवर मानाची माणसं, आणि त्यांत बैठकीतले ते प्रमुख पंच, आता खूप म्हातारे झालेले, काठी पायात धरून. आत्या मागे बायांमध्ये उभी होती. कापड ओढलं गेलं तेव्हा ऊन काचेच्या घड्यांतून खाली उतरलं आणि आत्याच्या हंड्यावर हिरवा उजेड पडला. ते मी आठवडाभर आधी उन्हाच्या वेळा बघून जमवलं होतं. माझ्या हातून इतकं मोठं काम त्याआधी झालं नव्हतं.

अध्यक्षांनी नारळ फोडला आणि माईक घेतला. "ही उतरंड म्हंजी आपल्या गावाचा संसार हाय! आन् शिल्पकार कोण? तर आपलेच पाव्हणे. जुनं नातं हाय, नुसतं पातळ झालंय." पुढच्या खुर्च्या हसल्या.

मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी ठरवलं होतं तेवढंच बोललो. "मधल्या उतरंडीच्या तळाशी एक हंडा आहे. त्यावर एक नाव आहे. कोणीतरी ते घासून टाकलं होतं, ते परत आलं आहे. अध्यक्षांनी ते सगळ्यांना वाचून दाखवावं अशी विनंती आहे."

तो गुडघ्यावर हात ठेवून वाकला. चष्मा वर केला. गळ्यातला हार जमिनीला टेकला. तो थोडा जास्तच वेळ वाकलेला राहिला. मला वाटलं, झालं. आता तो उठेल आणि त्याला बोलता येणार नाही.

तो उठला आणि माईक घेतला.

"मंडळी, आमच्या घरातलं काही वाया जात न्हाई बरं का! बाई टिकली न्हाई, पण भांडं टिकलं!"

पत्र्यावर गारा पडाव्यात तसं हसू मांडवभर पसरलं. ज्यांना काही माहीत नव्हतं तेही हसले. मी आत्याकडे बघायचं टाळलं.

ती बायांतून पुढे आली. अध्यक्षांकडे गेली नाही. म्हाताऱ्या पंचांच्या खुर्चीपुढे उभी राहिली.

"बाबा, वळखलं का मला?"

"कोण गं?"

"बैठकीत तुमी म्हणले व्हते, नाव न्हाई तर भांडं तुझं कसं."

म्हाताऱ्याने तिच्याकडे निरखून पाहिलं. "व्हय. म्हणलो असंल."

"आता नाव हाय. अध्यक्षानं वाचलं. तुमी बी वाचा. मंग सांगा, भांडं कोणाचं?"

हसू थांबलं. म्हाताऱ्याने अध्यक्षांकडे पाहिलं, मग हंड्याकडे, मग मागच्या बायांकडे, कारण तिकडून एक आवाज आला होता, "बराबर इचारते ती."

"नाव हाय म्हंजी," तो काठीकडे बघत म्हणाला, "तिचंच म्हणावं लागंल."

अध्यक्षांनी हात उडवला. "अरे, मंग ने की! कोण धरून राहिलंय? काढ आन् घे डोक्यावर!"

आता मात्र सगळे पोट धरून हसले, कारण त्या हंड्यावर काय काय उभं होतं ते सगळ्यांना दिसत होतं.

आत्या माझ्याकडे वळली.

"काढ," ती म्हणाली.

मला आधी समजलंच नाही. "आत्या, हा काढला तर मधली सगळी उतरंड खाली येईल."

"मला दिसतंय."

"दोन दिवस दे. दुसरा हंडा आणतो, तो बसवून मग हा काढतो."

"दोन दिसांनी हे लोक राहत्याल का इथं?"

"हे माझं काम आहे गं. माझं सगळ्यात मोठं काम आहे."

"तुला गोठ्यात बांधलं व्हतं, तवा बी मला ठावं व्हतं तुला काय होऊन राहिलं," ती म्हणाली. "काढ."

मी टेम्पोतून ग्राइंडर आणला. मांडवातल्या दिव्यांची तार काढून तिथे जोडली. शाळेच्या दोन शिपायांनी शिडी धरली आणि मी वरून एकेक भांडं उतरवायला लागलो. तांब्या, घडा, कळशी, घडा. गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "शिल्पकार, उतरंड चढवायला आल्ते का उतरवायला?" सगळ्यात खालचा काचेचा घडा हंड्याला डिंकासारख्या पदार्थाने घट्ट चिकटवलेला होता. तो ओढताना माझ्या हातात फुटला. दोन्ही तळहात कापले. मी फडकं गुंडाळलं आणि हंड्याचे सांधे कापायला घेतले. ठिणग्या उडाल्या तसे पुढच्या खुर्च्यांवरचे उठून मागे सरकले.

आता अध्यक्षांचा आवाज बदलला. "अरे, थांब! शाळेची मालमत्ता हाय ही! पोलीस बोलावू का?"

"तुमीच म्हणले ना, ने म्हणून!" मागून कोणीतरी म्हणालं, आणि लोक अध्यक्षांवर हसले. तेवढ्याच मोकळेपणाने हसले. त्या दिवशी मला कळलं की हसणाऱ्यांची कोणती बाजू नसते. तो तरातरा मांडवातून निघून गेला.

आत्याने हंडा कंबरेवर घेतला. काचेचा चुरा तिच्या लुगड्यावर पडत होता. तिने मागे वळून पाहिलं नाही. टेम्पोत ती हंडा मांडीवर घेऊन बसली. टेम्पो नाक्यापर्यंत आला. मग तिचं लक्ष माझ्या हातांकडे गेलं. फडकं लाल झालं होतं.

"हात धुऊन घे," ती म्हणाली. "हंड्याला लागंल."

उरलेल्या उतरंडी संस्थेने उखडून शाळेमागे टाकल्या. जवळा बाजार गावाकडच्या एका मंगल कार्यालयाने मला काम द्यायचं कबूल केलं होतं. त्यांनी फोन उचलणं बंद केलं. स्वतःचं काम भर मांडवात कापणाऱ्या माणसाला कोण बोलावणार? त्यांचंही चुकलं नाही. मी शेड सोडली आणि संभाजीनगरला परत आलो. त्या वर्षी दिवाळीला घरी गेलो नाही. आत्यानेही बोलावलं नाही.

तिला फोनवर आता नीट ऐकू येत नाही, त्यामुळे तिचे निरोप माझ्या धाकट्या भावाकडून येतात. तो म्हणाला, हंडा तिने दारातच नळाखाली ठेवलाय, येणाऱ्या-जाणाऱ्याला नाव दाखवते. मग काही महिन्यांनी त्याचा परत फोन आला. आत्याने निरोप दिला होता. तब्येत विचारली नव्हती, हात बरे झाले का ते विचारलं नव्हतं.

"त्याला म्हणावं, हंडा गळतो."

मी तिला जे पत्र पाठवलं ते असं:

आत्या,

पाया पडतो. अक्षर मोठं काढलं आहे. सावकाश वाच, दुसऱ्याकडून वाचून घेऊ नकोस.

हंडा कुठून गळतो ते भावाने सांगितलं नाही, पण मला माहीत आहे. आजोबांच्या नावापाशी बोट लावून बघ, ओलं लागेल. पत्रा अध्यक्षाने घासून पातळ केलेला होता, आणि आजोबांचं नाव यावं म्हणून आपण लेप जास्त वेळ ठेवला. टिंबांच्या जागी बारीक भोकं पडली आहेत. पाणी तिथूनच येतं.

यावर इलाज आहे. मी यंत्र घेऊन येतो आणि भोकं बुजवतो. हंडा पुढची तीस-चाळीस वर्षं गळणार नाही. पण त्या जागचं स्टील वितळेल. आजोबांचं नाव जाईल, ते नक्की. तुझ्या नावाचं शेवटचं अक्षरही बहुतेक जाईल. मग ते कोणत्याही आम्लाने परत येणार नाही. किंवा हंड्यात पाणी भरायचं नाही. डाळ ठेव, ज्वारी ठेव, नाव राहील. तू म्हणशील हंडा पाण्यासाठी असतो. तू असंच म्हणशील हे मला ठाऊक आहे, तरी विचारतो.

मी रागावलो होतो. अजून आहे. मोडायला लावलंस म्हणून नाही. तू उभी होतीस त्या सगळ्या वेळात एकदाही मान वर करून बघितलं नाहीस. कापड निघालं तेव्हा ऊन वरच्या काचांमधून खाली येत होतं आणि तुझा हंडा हिरवा दिसत होता. ते मी तुझ्यासाठी केलं होतं. तुला दिसलं होतं का, एवढं मला सांग. नसेल दिसलं तर तसं सांग.

तू परत काढ म्हणालीस तर मी परत काढीन. यावर मी खूप विचार केला आहे. मला हे हात तू दिलेस, त्यांचं काय करायचं ते तू एकदा सांगितलंस तर मला ऐकलं पाहिजे. पण दुसऱ्यांदा सांगू नकोस, आत्या.

संक्रांत झाली की येतो. तोवर ठरवून ठेव, नाव की पाणी. आईला विचारू नकोस, भावाला विचारू नकोस. भांडं तुझं आहे.

आणि मी येईपर्यंत ते वाळूने घासू नकोस. राखेने घास, आणि नावावरून हात हलका फिरव.